कोठारात केलेला अल्बम

हे प्रकरण दोन माणसांचे आहे. एक मी, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या मार्दोळजवळ राहणारी प्राथमिक शिक्षिका, वय 44, गाणे आणि पेटी. दुसरे भाई, वय 62, वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, तबला आणि घुमट हे मातीचे तालवाद्य. दोघांपैकी कोणाचेही पोट संगीतावर नाही. चौदा महिन्यांत आम्ही माझ्या सासरच्या जुन्या घरात आठ रचनांचा, 41 मिनिटांचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यातले पहिले पाच महिने वाया गेले. ते का गेले हे मला नीट लिहून ठेवायचे आहे, कारण घरी रेकॉर्डिंग करणारे पुष्कळ जण तीच चूक करतात आणि करताना तिला शिस्त समजतात. आम्हीही समजलो होतो.

सुरुवात कुठे झाली

गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत बोलणे कोकणीत चालते आणि देवापुढे उभे राहिले की तोंडातून मराठी येते. आरती मराठी, भजन मराठी, जत्रेतले नाटक मराठी. ज्याला थोडे गाता येते त्याला दहा-वीस अभंग येतातच. मलाही तसेच आले, आईकडून आणि देवळातून.

भाईंची गाठ पडली ती देवळाच्या भजनी सप्ताहात. रात्री दोन ते चारच्या पाळीला माणसे कमी असतात, म्हणून पेटी माझ्याकडे आली. तबल्यावर भाई होते. मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होते, एवढेच. एका अंतऱ्यात एका शब्दावर मी जरा जास्त थांबले. श्वास संपला होता असे नाही, तिथे थांबावेसे वाटले. भाईंनी ठेका हलका केला, बोटे जवळजवळ हवेत ठेवली, आणि मी पुढची ओळ उचलली त्याच क्षणी तेही उठले. पुढे गजरापर्यंत लय कशी चढत गेली ते आम्हा दोघांनाही कळले नाही. माझ्या भाच्याने तो अभंग मोबाइलवर घेऊन ठेवला होता. त्या रेकॉर्डिंगचे काम पुढे पडणार होते, हे तेव्हा कोणाला माहीत!

अल्बम करायचा तर याच माणसाबरोबर, हे त्या पहाटे मनात आले. विचारायला मात्र तीन आठवडे लागले. भाई म्हणाले, "बाय, आपण कोण? आपले कोण ऐकणार?" आमच्या भागात हा प्रश्न खराच मोठा आहे. केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या; 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावरचे. भाईंच्या बैठकीच्या खोलीत तबलावादक लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचे छायाचित्र आहे. अशा नावांच्या सावलीत हौशी माणसाला यंत्राचे बटण दाबायचीही भीती वाटते. मी त्यांना इतकेच म्हणाले, की ऐकणारे कोणी नसले तरी आपल्या गावातल्या दोन चाली आता फक्त तुम्हालाच येतात. त्यावर ते तयार झाले.

साहित्य, खोली आणि वीज

दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे यंत्र), दोन कंडेन्सर माइक, दोन स्टँड, दोन हेडफोन आणि वायरी: सगळे मिळून सव्वीस हजार रुपयांच्या आत बसले. लॅपटॉप माझा होता. खर्च निम्मा निम्मा. वहीच्या पहिल्याच पानावर आम्ही तीन ओळी लिहून दोघांनी सह्या केल्या: खर्च आणि आले तर उत्पन्न अर्धे अर्धे, दोघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत, दोघांची संमती असल्याशिवाय कोणतीही रचना कुठेही चढवायची नाही. भाईंना आधी हे परकेपणाचे वाटले. पुढे एका वादात याच पानाने आमची मैत्री राखली, म्हणून त्याचा उल्लेख आधी करते.

आमचे घर चिऱ्याचे, वर कौले, मध्ये राजांगण. पणजी-फोंडा रस्ता फार लांब नाही, चढावर बसने गिअर बदलला की वसरीत ऐकू येते. सकाळ-संध्याकाळ पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. पावसाळ्यात तर कौलांवरच्या आवाजापुढे बोलणेही ऐकू येत नाही. मी घरभर टाळ्या वाजवत फिरले. मोकळ्या खोलीत टाळीमागे एक कोरडी, धातूसारखी झणझण उरते. सगळ्यांत कमी झणझण निघाली कोठाराच्या खोलीत: खिडकी एकच, भिंती जाड, आणि दोन बाजूंना भाताची पोती. सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात नुकतेच घरात आले होते. राहिलेल्या भिंतीवर आम्ही गोधड्या टांगल्या. फोमची काळी चौकटी पाने विकत आणण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण पातळ फोम फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो. डग्ग्याचा खालचा आवाज आवरायला जाडी आणि वजन लागते.

पहिल्या दिवशी हेडफोनमध्ये एक अखंड घूं ऐकू आली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही घूं 50 आणि तिच्या पटींवर, 100, 150 अशी बसते. सॉफ्टवेअरने ती कापता येते, पण कापताना डग्ग्याचा आणि गळ्याचा गाभाही जातो. भाईंनी लॅपटॉपचा चार्जर काढायला सांगितला. घूं निम्म्याहून कमी झाली. मग त्यांनी कोठाराच्या भिंतीतला सॉकेट उघडला. तीन भोके होती, पण तिसऱ्या भोकाला आत वायरच जोडलेली नव्हती. चाळीस वर्षे त्या घरात अर्थिंग केवळ दिसण्यापुरते होते. त्यांनी परसात खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून नवे अर्थिंग केले. घूं गेली. अल्बमच्या निमित्ताने घर सुरक्षित झाले ही या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे, आणि जुन्या घरात रेकॉर्डिंग करू पाहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. मात्र वायरिंगचे काम ज्याला येते त्यानेच करावे.

ध्वनिमुद्रण 48 किलोहर्ट्झ (म्हणजे आवाजाचे सेकंदाला 48 हजार नमुने), 24 बिटवर केले. दोन माइकची मिळून मिनिटाला साधारण 17 एमबी जागा लागते, म्हणजे तासभराला एक जीबीच्या थोडे वर. 24 बिटचा फायदा असा, की आवाज काठोकाठ भरायची गरज राहत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलपर्यंत ठेवला की गजरात कोणी उत्साहाने जोर लावला तरी फाटत नाही.

पाच महिने

आता मूळ प्रश्न. इंटरनेटवर शिकवणारे बहुतेक जण सांगतात, की आधी क्लिक, म्हणजे कानात ठरावीक गतीने पडणारी टकटक, लावा, क्लिकवर एकेक वाद्य वेगळे घ्या, मग जुळवा. कारण रास्त आहे. प्रत्येक आवाज वेगळा मिळतो, चूक झाली तर तेवढीच ओळ परत गाता येते, दोघांना एकाच वेळी मोकळे असावे लागत नाही. मला शाळा, भाईंना नातवंडे. आम्हाला ही पद्धत अगदी सोयीची वाटली.

आम्ही मिनिटाला 80 मात्रांचा क्लिक लावला. मी हेडफोन घालून पेटीवर गायले. दोन दिवसांनी भाईंनी माझे गाणे ऐकत तबला भरला. असे पाच महिन्यांत चार अभंग झाले. तांत्रिकदृष्ट्या त्यात बोट ठेवायला जागा नव्हती: सूर बरे, ठेका नेमका, कुठे खरखर नाही. आणि ऐकताना दोघेही गप्प बसायचो. माझ्या सासूबाई, वय 80, पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पूर्ण अभंग ऐकला आणि म्हणाल्या, "बरा आहे. पण टाळ धरावासा वाटत नाही."

दोष शोधताना आम्ही आधी चुकीच्या जागी शोधले. माइक बदलून बघितला, घुमारा वाढवून बघितला, पेटीचा आवाज कमी केला. मग एके दिवशी भाच्याच्या मोबाइलवरचे सप्ताहातले रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतले आणि मी शिक्षिकेच्या चिकाटीने प्रत्येक समेवर खूण करत गेले. सुरुवात मिनिटाला 68 मात्रांनी. पहिला अंतरा संपून ध्रुवपदावर येताना 73. दुसऱ्या अंतऱ्यानंतर 79. गजराला 104. सर्वांत बोलके ते आकडे नव्हतेच. लय चढत होती ती नेहमी ध्रुवपद पुन्हा उचलताना, आणि त्याच्या अगोदरच्या आवर्तनात ती किंचित उतरत होती. म्हणजे उडी मारण्यापूर्वी माणूस गुडघे वाकवतो तसे. हे आम्ही कधी ठरवलेले नव्हते. ते भजनी ठेक्याच्या आठ मात्रांच्या पोटातच असते आणि वाजवणारा ते गाणाऱ्याच्या खांद्यावरून ओळखतो.

क्लिकने आमचे वाकणेच बंद केले होते.

सॉफ्टवेअरमध्ये क्लिकची गती जागोजाग बदलता येते. मी सप्ताहातल्या चढाचा नकाशा तसाच्या तसा क्लिकला दिला. तीन रात्री त्यावर घालवल्या. आता गाणे सुधारले, पण भाईंनी तबला अर्ध्यावर थांबवला. "हा त्या रात्रीचा चढ आहे, बाय. आज तू वेगळी गातेस." ते खरे होते. त्या दिवशी माझा घसा बसलेला होता, मी पहिला अंतरा सावकाश घ्यायला हवा होता, आणि क्लिक मला ओढत होता.

पुढची युक्ती म्हणून आम्ही दोन खोल्यांत बसून एकाच वेळी गायलो: मी कोठारात, भाई माजघरात, कानात एकमेकांचा आवाज. इथे आधी एक तांत्रिक घोळ झाला. आम्ही एकमेकांना सॉफ्टवेअरमधून ऐकत होतो. संगणक आवाज तुकड्यांनी घेतो. 512 नमुन्यांचा तुकडा असेल तर 48 किलोहर्ट्झवर एका दिशेचा उशीर साडेदहा मिलिसेकंदांच्या वर जातो, आणि आत-बाहेर मिळून दुप्पट. तबलजीच्या हाताला तेवढेही जाणवते. इंटरफेसवरच थेट ऐकण्याची सोय असते, ती चालू केल्यावर उशीर गेला. तरी गाडी अडलीच. आवाज वेळेवर पोचत होता, पण मी श्वास घेताना छाती वर जाते, ध्रुवपद उचलण्याआधी माझी मान किंचित हलते, भाई डग्ग्यावर तळहात दाबण्याआधी माझ्याकडे बघतात, यातले काही भिंतीपलीकडे जात नव्हते. दोघेही एकमेकांची वाट बघायचो आणि लय मंदावत जायची.

मग आम्ही ठरवले की एका खोलीत, समोरासमोर, एकदमच घ्यायचे; एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये गेला तर जाऊ द्यायचा. आधीचे चारही अभंग बाजूला ठेवले. हा निर्णय घेताना मला रडू आले होते, पाच महिने थोडे नसतात. आज कोणी विचारले तर मी सांगेन, की हौशी जोडीने सर्वांत आधी आपली एकमेकांवरची नजर राखावी आणि आवाजाची शुद्धता तिच्या मागून घ्यावी. आम्ही क्रम उलटा धरला होता.

बसायचे कसे

एकत्र बसण्याची किंमत कमी कशी करायची, हे शिकायला आणखी महिना गेला. तो मात्र वाया गेला नाही.

पहिल्या प्रयत्नात हेडफोनवर सगळे ठीक वाटले आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर माझा आवाज नळीतून आल्यासारखा पातळ झाला. कारण असे: माझा आवाज माझ्या माइकमध्ये आधी पोचतो आणि भाईंच्या माइकमध्ये थोडा उशिरा. आवाजाला दोन मीटर जायला साधारण सहा मिलिसेकंद लागतात. दोन्ही माइक एकत्र केले की काही सूर एकमेकांना खोडतात. जुन्या ध्वनिमुद्रकांचा यावर एक अंदाज आहे, एकास तीनचा. मी तो वितीने मोजते: माझ्या तोंडापासून माझा माइक एक वीत असेल, तर दुसरा माइक त्यापासून किमान तीन वीत लांब हवा. जितका लांब, तितके खोडणे कमी.

दुसरी गोष्ट माइकच्या पाठीची. आमचे माइक एका बाजूने ऐकणारे होते; असा माइक बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. म्हणून माझा माइक असा लावला की त्याची पाठ तबल्याकडे आणि तोंड माझ्याकडे. भाईंचा वरून तबल्याकडे झुकलेला, पाठ माझ्याकडे. मध्ये गुंडाळलेली गादी, कंबरेच्या उंचीची, म्हणजे नजर वरून जाईल आणि डग्गा खाली अडेल. बसण्याच्या जागा, स्टँडचे पाय, गादीची टोके यांच्या खडूने खुणा केल्या.

पेटीचे काय करायचे हा वेगळा त्रास. पेटी माझ्या हातात, गळ्याच्या माइकमध्ये ती जाणारच. शिवाय भात्याचा फुसकारा आणि पट्ट्यांची टकटक. पेटीचे सूर बारा समान भागांत बांधलेले असतात, त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. देवळाच्या सभामंडपात हे कोणाला टोचत नाही. कोठारात, वीतभर अंतरावरच्या माइकमध्ये, मला टोचू लागले. शेवटी तीन रचनांत पेटी अजिबात घेतली नाही, काळी चारच्या तानपुऱ्यावरच गायले. तानपुरा मागून भरला, तेवढा एकच आवाज आम्ही नंतर भरला, कारण त्याला कोणाच्या नजरेची गरज नसते. गाताना तानपुऱ्याचा सूर दोघांनीही एका कानात ऐकला.

आणि घुमट. भाईंची मनापासून इच्छा होती की शेवटची रचना चतुर्थीच्या आरतीच्या धर्तीवर घुमटावर व्हावी. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले ते याच बदलानंतर. मातीच्या या वाद्याला दोन तोंडे: मोठ्यावर कातडे, धाकटे उघडे, आणि डाव्या तळहाताने ते उघडझाप करून नाद वळवायचा. आम्ही माइक कातड्यासमोर धरून बसलो होतो आणि नुसती थापच येत होती. भाच्याने सहज माइक धाकट्या तोंडाच्या बाजूला, हातभर लांब नेला, आणि खरे घुमट ऐकू आले. त्याचा सगळा श्वास तिथूनच बाहेर पडतो.

पोती कमी होत जातात

पहिले तीन अभंग या नव्या पद्धतीने मार्चमध्ये झाले, दोन एप्रिल-मेमध्ये. जूनपासून पाऊस, काम बंद. ओल्या हवेत तबल्याची पुडी सैलावते, गट्टे ठोकून ठोकून भाई दमायचे, आणि कौलांचा आवाज होताच. ऑक्टोबरात परतीच्या पावसात एका संध्याकाळी जवळच वीज कोसळली आणि लॅपटॉपमधली डिस्क गेली. पाचही रचनांची प्रत भाच्याकडे होती म्हणून वाचलो. शेवटच्या दोन बैठकांचे कच्चे प्रयत्न गेले. तेव्हापासून बैठक संपली की दोन प्रती, एक आमच्या घरी आणि एक भाईंच्या घरी.

राहिलेल्या तीन रचना नोव्हेंबर-डिसेंबरात झाल्या. सगळ्या एकापाठोपाठ लावल्या तेव्हा मेमधले गाणे निराळ्या खोलीतले वाटले. खुणा त्याच, माइक तेच, माणसे तीच. दोन दिवस डोके खाजवल्यावर सासूबाईंच्याच बोलण्यातून उलगडा झाला: मेपर्यंत निम्मे भात गिरणीत जाऊन आले होते, पोती निम्म्यावर आली होती. भिंत उघडी पडली होती आणि झणझण परतली होती. एप्रिल-मेमधल्या दोन्ही रचना आम्ही भरल्या कोठारात पुन्हा घेतल्या. कोणा शहरातल्या स्टुडिओवाल्याला हा प्रश्न पडणार नाही. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्याला घराचे वर्षही मोजावे लागते.

एका ओळीवरून वाद

एकदम घेतलेल्या गाण्यात एकच ओळ दुरुस्त करता येत नाही, कारण तबल्याच्या माइकमध्येही तीच चूक असते. आमचा नियम ठरला: रचना सलग तीनदा घ्यायची, आणि जोडायचेच झाले तर दोन प्रयत्न फक्त ध्रुवपदाच्या समेवर जोडायचे.

संतकवी सोहिरोबानाथांच्या एका पदात दुसऱ्या प्रयत्नाला लय अशी लागली की आम्ही संपल्यावर काही बोललोच नाही. फक्त एका ठिकाणी माझा तारषड्ज किंचित कमी पडला. मला ते पद टाकायचे होते. भाई म्हणाले, ठेवायचे. मी सूर उचलणारे सॉफ्टवेअर वापरून पाहिले; भाईंच्या माइकमधला माझा जुना सूर आणि दुरुस्त केलेला नवा सूर एकमेकांत घासू लागले. आठवडाभर आम्ही एकमेकांना फोन केला नाही. मग मी वहीचे पहिले पान उघडले. दोघांची संमती असल्याशिवाय काही नाही, म्हणजे मी एकटी ते काढूही शकत नव्हते आणि ते एकटे ठेवूही शकत नव्हते. बोलणे भागच होते. भाईंनी विचारले, "तू सप्ताहात अशी थोडी कमी पडलीस तर थांबतेस?" मी म्हटले, सप्ताहात ते कोणी परत ऐकत नाही. त्यांनी यावर वाद घातला नाही. आणखी तीनदा वाजवायला तयार झाले, दोन वेगवेगळ्या दिवशी. सूर लागला, ती लय परत आली नाही. शेवटी दुसरा प्रयत्नच ठेवला. आजही तो षड्ज आला की मी मान खाली घालते, आणि तरीही तेच पद मी सर्वांत जास्त वेळा ऐकते.

शब्द कोणाचे, चाल कोणाची

हा भाग हौशी लोक शेवटी बघतात. आम्ही सुदैवाने आधी पाहिला. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (1957) साहित्य आणि संगीत यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. तुकोबा, नामदेव, एकनाथ, सोहिरोबानाथ यांच्या शब्दांना अर्थातच कोणाची परवानगी लागत नाही. पण त्याच शब्दांना विसाव्या शतकात एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल स्वतंत्र कृती आहे, आणि तिचा हक्क चालू असू शकतो. "तुकारामाचा अभंग आहे, कोण विचारणार," हे म्हणणे अर्धेच खरे. आधी ध्वनिमुद्रित झालेले गाणे पाच वर्षांनंतर नव्याने करण्याची कायद्यात तरतूद आहे, कलम 31सी. पण तिथे वर्षाला किमान 50,000 प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. दोन माणसांच्या घरगुती अल्बमला तो रस्ता नाहीच.

बा. भ. बोरकर आमच्याच तालुक्यातल्या बोरीचे, त्यांची एक कविता घ्यावी असे मला फार वाटत होते. ते 1984 मध्ये गेले, म्हणजे हक्क 2044 अखेरपर्यंत. वारसांची परवानगी मागायची, चाल नवी बांधायची, हे सगळे पहिल्याच अल्बममध्ये पेलणार नाही म्हणून ती बाजूला ठेवली.

आठांपैकी तीन चाली माझ्या, दोन भाईंच्या, दोन देवळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. आठवी भाईंना तरुणपणी शिकवणाऱ्या एका बुवांची. ते जाऊन पंचवीसेक वर्षे झाली. आम्ही त्यांच्या मुलाकडे गेलो. दुकान चालवतात, गात नाहीत. परवानगीचा कागद पुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो वाचलाच नाही, आधी गाणे लावा म्हणाले. आम्ही मोबाइलवर कच्चे रेकॉर्डिंग लावले. अंतऱ्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "बाबा इथे शेवटचा शब्द दोनदा घ्यायचे." भाई ते विसरले होते. सही झाली, आणि ती रचना आम्ही शब्द दोनदा घेऊन पुन्हा गायली.

पुढे काय झाले

मिश्रण मी केले. गळ्याच्या माइकमधला 80 हर्ट्झच्या खालचा भाग काढला, थोडा घुमारा, फार काही नाही. पातळी उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो याचे माप) आसपास ठेवली, कारण ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा साधारण तिथेच आणून ठेवतात. ओरडून केलेले गाणे तिथे खाली खेचले जाते, आणि आतला चढउतार तर आधीच मेलेला असतो. आमच्याकडे चढउतार हाच ऐवज होता.

आठही रचना इंटरनेटवर आहेत, ऐकणारे थोडे. शंभर पेनड्राइव्ह करून आम्ही आसपासच्या भजनी मंडळांना दिले. दोन मंडळांनी बुवांची चाल उचलली आहे, शेवटचा शब्द दोनदा घेऊन. खर्च निघालेला नाही. तो निघेल असे गृहीत धरून काम सुरू केले नव्हते.

यंदाचे सरदाचे भात गेल्या आठवड्यात घरात आले. जावेने विचारले, पोती नेहमीसारखी रचायची का. मी कोठारात जाऊन बघितले. खडूच्या खुणा थोड्या पुसल्या आहेत, पण गादीची दोन्ही टोके आणि भाईंच्या बसण्याची जागा अजून दिसते. पोती मागच्या आणि उजव्या भिंतीला लावा, मधली जागा मोकळी ठेवा, असे तिला सांगितले. रविवारी भाई यायचे आहेत, तबला काळी चारला लावून.